हमिदाबीचा उंबरा

निजामाच्या रझाकारांच्या ठाण्यावर छापा घालून सीमेवरच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पकडं पळताना उत्तरेश्वरच्या मांडीत गोळी शिरली. ईट गावच्या विणकर हमिदाबीनं त्याला हातमागाखालच्या खड्ड्यात दडवलं आणि ती आत पाय सोडून लुगडं विणायला बसली. "इधर कोई आया?" मागावर आलेल्या निजामाच्या शिपायांनी दरडावलं. "सुबेसे बुन रई हूँ बेटा, कोई नै आया," ती म्हणाली. मागाची पायपट्टी, पावडी, दाबताना तिची टाच त्याच्या खांद्याला लागत होती. पुढं महिन्याभरात निजाम हरला आणि रझाकारांच्या जुलमाच्या सूडानं पेटलेला जमाव मुसलमानांच्या घरांकडं निघाला. लंगडत आलेला उत्तरेश्वर बंदूक घेऊन हमिदाबीच्या उंबऱ्यावर बसला. "पयलं मला मारा!" तो ओरडला. जमाव परतला. छाप्याची गोष्ट विचारली, की म्हातारा उत्तरेश्वर हसतो. "ते ऱ्हाऊ द्या. तीन दिस राखणीला बसलो, माय आतनं म्हनायची, 'पोरा, आधी जेव.' अजून तेवढंच कानात हाय."