मालूचा कान

“ह्याच्या आत कोण दार ठोकतंय!” मालू ओरडली. कान्हा घाबरून स्वतःच्याच छातीकडे पाहू लागला.

“कुणी नाही रे. ते तुझं काळीज,” डॉक्टर हरिहरपंत हसून म्हणाले. “सगळ्यांनाच असतं.” मालूनं छातीचे ठोके ऐकायची त्यांची लाकडी नळी सोडली नाही. पुन्हा कान लावला.

ठाण्यावरून कल्याणला आगगाडी जाऊ लागल्याला पंचवीस-एक वर्षं झाली होती, पण कोलशेतला डॉक्टर होडीनंच येत. दर रविवारी जाळी वाळत घातलेल्या अंगणात कोळ्यांची पोरं जमवून ते त्यांना अंगाची ओळख करून देत. कधी बकऱ्याचं फुफ्फुस आणून फुंकून फुगवायला देत, कधी एकमेकांच्या बरगड्या चाचपायला लावत. मोठी माणसं लांबून बघत. औषध मात्र त्यांच्याकडून कुणीच घेत नसे.

तेवढ्यात मालूचा थोरला भाऊ दामाजी धावत आला. त्याची बायको सरस्वती आठव्या महिन्यात होती. पहिलं मूल पोटातच गेलेलं. आता कालपासून हेही हललं नव्हतं.

हरिहरपंत तसेच उठले. घराच्या दारात दामाजीची आई तुळसा आडवी उभी राहिली.

“परक्या बाप्याचा हात माझ्या सुनेला लागायचा नाय.”

“नुसती नळी टेकवतो, आई.”

“नळी पण नाय.”

आतून सरस्वतीचं दबकं रडणं येत होतं. पंतांनी वाद घातला नाही. नळी मालूच्या हातात दिली.

“मग हिला जाऊ द्या. ही तर घरचीच.”

तुळसानं लेकीकडे पाहिलं. मग बाजूला सरली.

पंत बाहेर भिंतीला पाठ लावून बसले. “मालू, बेंबीच्या खाली, डावीकडे टेकव. ऐकू येईल तसं बोटानं पाटावर वाजव.”

बराच वेळ काहीच नाही. मग सावकाश, टक्... टक्... टक्...

दारातल्या तुळसाचा चेहरा उजळला. पंतांनी मान हलवली. “हे आईचे ठोके. बाळाचे नव्हेत. पोरी, आता उजवीकडे बघ.”

पुन्हा शांतता. दामाजी ओट्यावर मटकन बसला आणि त्यानं तोंड ओंजळीत लपवलं. पंतांनी डोळे मिटले. आता ह्या माणसांना सांगायचं कसं, ह्याचे शब्द ते जुळवू लागले.

आत पाटावर टकटक सुरू झाली. वाढली, अडखळली, विस्कटली आणि एकदम थांबली. मालू हुंदके देऊन रडू लागली.

“काय झाला गो?” तुळसा आत धावली.

मालूनं नळीवरचा कान काढला नाही.

“येवढ्या जोरात पळतंय आये,” ती रडत म्हणाली, “माझा बोट पुरत नाय!”