मरियामातेचा नकार

"डुलू नका हो, डॉन माकारियो! संत कधी डुलतो का?" डोन्या कासिल्दा ओरडली.

"मग तुम्ही सरळ चाला की," पालखीवरून माकारियो म्हणाला. दोन्ही हातांनी त्यानं दांडा गच्च धरला होता.

उद्या ईस्टर, आणि चर्चमागच्या अंगणात मिरवणुकीची तालीम चालली होती. खरा संत योहान आत, कुलपात. लाकडाचा, पण काय जड! त्याच्या तोडीचा गावात एकच माणूस, घंटा वाजवणारा माकारियो. एकदा तो दोरीला लोंबकळला तर घंटा म्हणे पुढच्या रविवारपर्यंत वाजत राहते. म्हणून त्यालाच वर बसवला होता. पलीकडे फाटकाशी दुसरी पालखी. तिच्यावर मक्याचं पोतं, पोत्यावर काळी शाल. ती मरियामाता.

 कासिल्दानं सकाळपासून पाकातल्या पावाच्या तोर्रेहालासुद्धा हात लावला नव्हता. पायरीवर पाद्रे अनिबाल हाताची घडी घालून बसले होते. त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं, "आज नीट झालं तर उद्या मूर्ती बाहेर काढू. नाहीतर चर्चमध्ये साधी मिस्सेची प्रार्थना आणि सगळे आपापल्या घरी. कुणाचा पाय मोडला तर बिशपना मी काय सांगू?"

या गावात ईस्टरला साधी मिस्सा! इथं संत योहान येशूच्या कबरीपासून पळत सुटायचा, मरियामातेला सांगायला, की तुझा मुलगा उठला. तिला खरं वाटायचं नाही. तिची पालखी डावीकडे उजवीकडे हलायची, बाई मान हलवते तशी. तो परत जायचा, परत पळत यायचा. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा कुठे तिला पटायचं, मग काळी शाल टाकून ती धावायची आणि चौकात मायलेकरांची भेट व्हायची. एका वर्षी तर संत योहान असा पळाला होता की त्याची सावली मागून दुपारच्या जेवणाला पोचली. पण ते पळवणारे एकेक करत पोटासाठी उत्तरेला, सीमेपलीकडे गेले. बँडवाले गेले, कर्णेसुद्धा घेऊन गेले. गावात पुरुष उरले ते पाद्रे आणि माकारियो. बाकीचे लाकडाचे.

म्हणून कासिल्दानं यंदा सगळं नव्यानं बसवलं होतं. दोन्ही पालख्या बायकांच्या खांद्यावर, आणि कर्ण्यांच्या जागी शब्द. योहानाकडच्या बायका ओरडणार, "आई, तुझा मुलगा जिवंत आहे! येतोय!" आईकडच्या पालखी हलवत म्हणणार, "नाही. मी नाही मानत." दोनदा. सांगायला किती सोपं.

"बेनिग्नाला मरियामातेच्या पुढच्या दांड्याला घ्यायला नको होतं," योहानाच्या दांड्याशी खांद्यावरचं फडकं नीट करता करता फिदेलिना कुजबुजली.

"मग कुणाला घेऊ? तुझा खांदा आहे का तसला?"

"मी खांद्याचं म्हणत नाहीये."

कासिल्दाला ते कळलं होतं. बेनिग्नाचा पोरगा गेल्या पावसाळ्यात निघाला. आज सीमेवरची नदी ओलांडतो म्हणाला, त्यानंतर फोन नाही. त्याचं नाव तिच्यापुढे कुणी काढत नसे.

पाद्रेंनी घड्याळ बघितलं.

"चला, पळत!" कासिल्दानं टाळी वाजवली.

योहानाची पालखी उधळली. कोंबड्या भिंतीवर गेल्या. माकारियो एकदा वर, एकदा खाली. "बायांनो, मला तरी जिवंत पोचवा!" पण चौघींतली एकही अडखळली नाही. कासिल्दा श्वास धरून बघत राहिली. फाटकाशी पालखी गपकन थांबली आणि फिदेलिना जीव खाऊन ओरडली, "आई! तुझा मुलगा जिवंत आहे! येतोय!"

आता नकार. पण पोतं हललं नाही.

"नाही म्हण," कासिल्दा पुटपुटली. "बेनिग्ना, नाही म्हण गं बाई."

बेनिग्नाचे ओठ हलले. आवाज आला नाही. मग तिचा पाय पुढे पडला. बाकीच्या तिघी "अगं, अगं" करत राहिल्या, पण दांडा निघाला तसं त्यांनाही निघावं लागलं. पोतं कललं. काळी शाल घसरून मातीत पडली. माकारियोला मागे टाकून ती पालखी सरळ धावत सुटली ती धुण्याच्या टाकीपर्यंत. टाकी म्हणजे कबर असं ठरलं होतं. तिथं जाऊन ती थांबली.

टाकीपाशी कुणी नव्हतं. येशूच्या जागी कुणाला उभं करायचं, हे कासिल्दाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पाद्रे उठले. "डोन्या कासिल्दा, हे काय? ती दोनदा नाही म्हणते. माझ्या आजोबांच्या वेळेपासून म्हणते."

 उद्याची साधी मिस्सा कासिल्दाला समोर दिसत होती.

"म्हणायची, पाद्रे," ती म्हणाली. "तेव्हा तिला पुरुषांनी उचललेलं असायचं."

पाद्रेंनी तिकडे बघितलं. टाकीपाशी मागच्या तिघी धापा टाकत होत्या. बेनिग्नाचा खांदा मात्र दांड्याखालून निघत नव्हता.

"डॉन माकारियो, उतरा," पाद्रे म्हणाले. "आत जा आणि येशूला बाहेर आणा."

"आज?" माकारियो पालखीवरच बसून राहिला. "आज शनिवार आहे, पाद्रे. तो अजून उठला नाही."

"मला माहीत आहे," पाद्रे म्हणाले. "उतरा. ती थांबलीय."