मनातलं नाव

कॉम्प्युटरवरच्या चोऱ्यांचे खटले लढवता लढवता वकीलसाहेबांचे केस पिकले होते. पासवर्ड कुणाच्याच पोटात राहत नाही, हे ते कोर्टात असं रंगवून सांगत, की एकदा खुद्द न्यायाधीशांनी घाईघाईने आपला पासवर्ड बदलला म्हणे.

आज मात्र समोरची कॅशियरबाई त्यांची डाळ शिजू देईना. कंपनीच्या खात्यातली रक्कम तिच्या पासवर्डने उडाली होती, आणि बाई म्हणत होती, "तो माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, साहेब."

"असं कोर्टात म्हणालात तर थेट आत जाल, बाई. आठवा, कुणाला तरी सांगितला असेल."

"नाही हो. माझ्या मुलीचं नाव आहे ते. पोटातच गेली ती. नाव मी मनातच ठेवलं, कधी ओठांवर आणलं नाही."

शेजारी बसलेल्या नवऱ्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. "अगं, आता भिंगरी भिंगरी करून काय होणार? साहेब विचारतात ते सांग."

वकीलसाहेबांचं पेन थांबलं. ते नाव बाईने अजून उच्चारलंच नव्हतं. बाई सुटली, ते मनात म्हणाले. आणि आता ही नवऱ्याच्या अंगावर धावून जाणार, म्हणून त्यांनी टेबलावरचा पेपरवेट हळूच आपल्याकडे ओढून घेतला.

बाई जागची हललीसुद्धा नाही.

"नाव ठाऊक होतं तुम्हाला?" ती नवऱ्याला म्हणाली. "मग इतकी वर्षं मला एकटीला का रडू दिलंत?"