चालीवरून ओळख
नवऱ्याने गेममधली उरलेला जीव दाखवणारी पट्टी, नकाशा, बाण, सगळं बंद केलं होतं. "पडद्यावर फक्त माणूस हवा. त्याचं दुखणं चालीवरून ओळखायचं," तो म्हणाला. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवणारा फिजिओथेरपिस्टच तो! "बघ, डावा पाय टेकत नाहीये. घोटा मुरगळलाय बिचाऱ्याचा." लिफ्ट बंद म्हणून पिशव्या घेऊन जिने चढताना माझाही डावाच घोटा मुरगळला होता. मी त्याच्यासमोरून दोनदा लंगडत गेले. "बाजूला हो गं, दिसत नाहीये." मग मी लाल चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा कपाळावर आडवा चिकटवून टीव्हीसमोर उभी राहिले. "हे काय?" "माझा उरलेला जीव." तो ताडकन उठला. मला बसवलं, पायाखाली उशी ठेवली आणि चहा करायला पळाला. आतून हाक आली, "अगं, साखर कुठंय?" मी पाय पसरून म्हणाले, "नकाशा बंद आहे."