जांभळी शाल

"अजून पाहुणे कसे आले नाहीत गं?" नारळ हातात घेऊन मांडवाच्या तोंडाशी उभी असलेली हसीनाआपा ओरडली.

सोलापूरच्या त्या विणकर वस्तीत सत्कार कुणाचाही असो, धावपळ आपाचीच. यंदा मात्र बायकांनी तिला पार पळवलं होतं. तेलुगू नरसम्माला मोगऱ्याचाच गजरा हवा होता, कानडी गुरुबाईला इरकली खणच. चव्हाणवहिनींनी शाल आणायला पिटाळलं. रंग विचारला, तर म्हणाल्या, "तुला आवडेल तो घे की!" पाहुणे कोण, ते मात्र कुणी सांगेना. पाहुणे एवीतेवी शाल कपाटातच टाकतात, म्हणून आपाने दुकानदाराशी हुज्जत घालून सगळ्यांत स्वस्त जांभळी शाल उचलली.

वहिनींनी माइक हातात घेतला. "परवा चौकात दोन मिरवणुका समोरासमोर आल्या, पोरं हातघाईवर आली. तेव्हा मधोमध उभं राहून ज्यांनी दोन्हीकडच्यांना दटावलं, त्यांचा आज सत्कार!"

त्या दिवशी मागाहून फौजदारबाईही आल्या होत्या. त्याच असणार, आपाला वाटलं.

टाळ्या कडाडल्या. सगळा मांडव आपाकडे बघायला लागला. तिनेही घाईघाईने मागे वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता.

"मागं काय बघतीस, आपा?" नरसम्माने तिला ओढतच व्यासपीठावर नेलं. केसांत गजरा माळला गेला, हातात खण आला. नारळ तर आधीपासून होताच.

शाल खांद्यावर पडली तशी आपा डोळे पुसत ओरडली, "अगं बायांनो, आधी सांगायचं की! जरा भारीतली आणली असती!"