बत्तीस वर्षांपूर्वीचा गोल

क्लबाचं कँटीन चालवणाऱ्या निदियाने टीव्हीचा आवाज मोठा केला, तेव्हा आनिबाल दाराजवळच्या आपल्या खुर्चीवर केव्हाच येऊन बसला होता. नवा शर्ट घालून. मोठ्या टेबलाभोवती येर्बाचा, म्हणजे गरम पाणी ओतून नळीने ओढायच्या कडू पाल्याचा, तुंबा फिरत होता. एक तुंबा, एक नळी, या हातातून त्या हातात. दर रविवारी तो असाच फिरायचा आणि गेली बत्तीस वर्षं आनिबालपाशी आला की त्याला वळसा घालून पुढे जायचा.

“आज कळेल सगळ्यांना,” आनिबाल निदियाला म्हणाला.

“काय कळायचं राहिलंय?” बेकरीवाला वाल्टर काखेतला थर्मास सावरत म्हणाला. “मी मैदानाच्या दोरीला टेकून उभा होतो. डोळ्यांत तेल घालून बघत होतो. चेंडू हातभर आत होता. आणि हे लाइन्समन आनिबाल महाशय म्हणे, गोल नाही. कप गेला पलीकडच्या गावाला.”

‘रविवारचं मैदान’ सुरू झालं. कार्यक्रमाची मंडळी त्या गोलचा छडा लावायला मोंतेविदेओहून येऊन दोन दिवस राहिली होती. आनिबालने त्यांना दोन तास मुलाखत दिली होती. झेंडा म्हणजे काय, न्याय म्हणजे काय, सगळं समजावून सांगितलं होतं. टीव्हीवर तो चार सेकंद दिसला, अंगणातल्या कुत्र्याला हाकलताना.

कँटीन खो खो हसली. आनिबालने शर्टाची कॉलर नीट केली. त्याची सगळी भिस्त पुढच्या भागावर होती. पलीकडच्या गावच्या एका दंतवैद्याने तेव्हा सामन्याचं चित्रण केलं होतं आणि ती कॅसेट आता सापडली होती.

चेंडू वरच्या दांड्याला लागला, खाली आपटला, आणि नेमकं तेव्हाच गोलकीपरचं बूड मध्ये आलं. आत की बाहेर, देव जाणे.

“मग सगळ्यांत जवळ जे उभे होते, त्यांनी काय पाहिलं ते बघू,” निवेदिका म्हणाली. चित्र थांबलं. मैदानाचा कोपरा मोठा झाला. दोरीला टेकलेला वाल्टर दिसला, त्या काळी त्याला केस होते. मान खाली होती. तो तुंब्यात पाणी ओतत होता.

पाणी नळीच्या कडेनेच पडलं पाहिजे, वरची येर्बा कोरडी राहिली पाहिजे. ओतणारा माणूस घराला आग लागली तरी मान वर करत नाही, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

“डोळ्यांत तेल होतं की तुंब्यात पाणी, वाल्टर?” निदियाने विचारलं.

आनिबाल उठून उभा राहिला. बत्तीस वर्षं घोकलेलं भाषण त्याच्या ओठांवर आलं. “मंडळी,” त्याने सुरुवात केली.

पण चित्र अजून तिथेच होतं. निवेदिकेने आता लाइन्समनच्या डोक्याभोवती पिवळं वर्तुळ काढलं. मग त्याच्या डोळ्यांपासून एक बाण निघाला. तो गोलकडे गेला नाही. तो मागे वळला, दोरी ओलांडून गेला आणि वाल्टरच्या तुंब्यावर टेकला.

आनिबाल खाली बसला. हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीचं, तिथल्या भर उन्हाळ्यातलं ऊन, घशाला कोरड, आणि मागे तीन हातांच्या अंतरावर पाणी ओतल्याचा आवाज. एकदाच वळून पाहिलं होतं त्याने, क्षणभर. आता ही दाराजवळची खुर्चीसुद्धा गेली, असं त्याला वाटलं.

टेबलावर हसण्याचा गोंधळ चालला होता. वाल्टर तेवढा हसत नव्हता. मान खाली घालून तो सावकाश तुंबा भरत होता. भरून झाल्यावर तो उठला, दारापर्यंत आला आणि तुंबा आनिबालपुढे धरला.

“तेव्हाच मागायचास ना, गाढवा,” तो म्हणाला.