जपून ठेवलेला गठ्ठा

तासाभरात संगणकावर सुनेचा नंबर, आणि टेबलावर कार्डांचा खोका नाही! त्या काळी संगणकाशी बोलायचं तर फोर्ट्रान भाषा शिकावी लागे, आणि तिची एकेक ओळ पुठ्ठ्याच्या एकेका कार्डावर भोकं पाडून लिहावी लागे. तिने रात्रीचा दिवस करून अख्खा प्रोग्राम उभा केला होता. आज तो चालला तर प्रोग्रामरची नोकरी, नाहीतर पुन्हा टायपिस्टची खुर्ची. तिने कपाट उपसलं, पलंगाखाली वाकून पाहिलं. “आई, माझी कार्डं कुठायत?” शेगडी फुंकणाऱ्या सासूबाई हसत उठल्या आणि फडताळातून दोरीने बांधलेला गठ्ठा काढून त्यांनी तिच्या हातात दिला. तिचा जीव भांड्यात पडला. “एवढी काय घाबरतेस गं? भोकं पडून वाया गेलेली तेवढी शेगडीत घातली. चांगली कोरी मात्र एकूण एक जपून ठेवलीत बघ!”